लाखभर रुपये मोजून पहाटे साडेपाचला उठतात!

कुठे बोलू नका, पण आमच्या ओळखीतलं आणखी एक जोडपं मालदीवला जाऊन आलं, आणि त्या पाण्यावरच्या झोपड्यांत पाऊलसुद्धा न ठेवता! राहिले कुठे? बोटीवर. सलग सात रात्री. माणशी लाखाच्या वर मोजून.

या स्कूबा डायव्हिंगच्या वेडाची सुरुवात झाली तारकर्लीला. तिथे प्रशिक्षकाने धरून जरा पाण्याखाली फिरवून आणलं, चार मासे दाखवले, झालं! मग अठरा मीटरपर्यंतचा ओपन वॉटर कोर्स, त्यावर तीस मीटरचा अ‍ॅडव्हान्स्ड. एवढा अभ्यास बारावीला केला असता तर आईबाप धन्य झाले असते.

बोटीवर चढताक्षणी चपला टोपलीत. इथवर ठीक, देवळात आपणही काढतो. पण पुढे? साडेपाचला घंटा. सुट्टीच्या दिवशी नऊच्या आत दार न उघडणारी सूनबाई साडेसहाला पाण्यात! नाश्ता नंतर. आधी फळ्यासमोर बसायचं. प्रवाह कुठून येतो, उडी कुठे मारायची, वर कुठे यायचं, सगळं समजून घ्यायचं. मग डुबकी, खाणं, झोप, पुन्हा डुबकी. दिवसाला तीन, एखाद्या रात्री चौथी. उडीसुद्धा राहत्या बोटीवरून नाही. सोबत धोनी नावाची एक छोटी होडी चालते (आपला माही नव्हे), सिलिंडर आणि ओले सूट तिच्यावर.

त्या सूटचं तर विचारूच नका. ओलं रबर पायात चढेना, म्हणून आधी पायाला प्लास्टिकची पिशवी गुंडाळायची. मास्कवर वाफ धरू नये म्हणून काचेला आतून थुंकी चोळायची, चारचौघांत! आणि पाण्याखाली गार लागलं की सूटमध्येच... जाऊ दे, तुम्ही जेवत वाचत असाल.

दारू? या बोटींवर मिळते, पण घोट घेतला की त्या दिवसाची डुबकी संपली. म्हणजे बार समोर आणि लोक लिंबूपाण्यावर. वाव्हू अ‍ॅटॉलमध्ये अलिमाथा बेटाजवळ रात्री टॉर्च घेऊन पाण्याखाली वाळूत बसवतात, आणि माणसापेक्षा लांब नर्स शार्क अंगाला घासून जातात. यांना त्याचं कौतुक! हनिफारू खाडीत मांटा रे माशांचे थवे येतात, तर तिथे सिलिंडरलाच बंदी. एवढे कोर्स करून नळी तोंडात धरून वरच तरंगायचं.

खरी खमंग गोष्ट पुढेच आहे. पाण्यात प्रत्येकाला एक ‘बडी’ असतो आणि हवा संपत आली की दोघांनी मिळून वर यायचं. हे नवराबायको एकमेकांचे बडी. दोघांच्या सिलिंडरमध्ये दोनशे बार दाबाची हवा. ती शांत, संथ श्वास घेणारी. हा मासा दिसला की हातपाय झाडत निघणार. समोर मांटा घिरट्या घालतोय, हिच्याकडे अजून एकशेवीस शिल्लक, आणि हा आपला गेज पुढे करून दाखवतोय: सत्तर! चला वर. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबावं लागतं. ती तीन मिनिटं तिने त्याच्याकडे कसं पाहिलं असेल! तोंडात नळी असल्यामुळे बोलता येत नाही, एवढंच त्याचं नशीब. धोनीवर आल्यावर मात्र सगळ्या बोटीने ऐकलं म्हणे.

शेवटच्या दिवशी पाण्यात उतरायचं नाही. डुबक्यांनंतर अठरा ते चोवीस तास विमानात बसणं धोक्याचं, अंगात मुरलेला नायट्रोजन निघून जावा लागतो. दिवसभर लॉगबुकं भरत, एकमेकांना शिक्के देत बसले. आता तरी हौस फिटली असेल ना?

कसली! पुढच्या वर्षीचं कोमोडोचं बुकिंग झालंय. नवऱ्यासाठी नेहमीच्या बाराऐवजी पंधरा लिटरचा सिलिंडर सांगून ठेवलाय. त्याचं भाडं वेगळं, आणि ते म्हणे त्याच्या खिशातून.