पूर ओसरला की गळ टाकू

आमचा पुण्याचा भाचा हिमाचलात तीर्थन नदीवर चार दिवस राहून आला आणि त्याला फ्लाय फिशिंगचं वेड लागलं. पिसं आणि रंगीत दोरा गळाला गुंडाळून खोटी माशी करायची, ती लांब काठीने पाण्यावर अलगद टेकवायची आणि ट्राउट फसायची वाट बघायची, असा तो खेळ. ट्राउट हा मासा इंग्रजांनी साधारण १९०० साली काश्मिरात आणून सोडला. थंड, नितळ पाण्यात राहतो आणि फसतोही सभ्यपणे. आता भाच्याला हेच गोदावरीत करायचंय. ‘मामा, बातम्यांत दाखवतायत, तुमच्याकडे नद्या एकदम फुल्ल आहेत! नांदेडला दोन रात्री, लातूरला एक. टेंट माझा, जागा तुम्ही बघा.’

जागा बघायची म्हणून मी जिल्हा प्रशासनाचा मेसेज उघडला. विष्णुपुरीतून विसर्ग वाढवला आहे, नदीकाठच्या लोकांनी पशुधन, चीजवस्तू, वाहने आणि शेती अवजारे सुरक्षित स्थळी हलवावीत, असं त्यात होतं. भाचा यांपैकी नेमका कशात बसतो, हे ठरेना.

बाहेरच्या माणसाला वाटतं, नदी पावसावर चालते. नांदेडची नदी फोनवर चालते. वरून जायकवाडी सोडणार, बाजूने येलदरी-सिद्धेश्वरचं पाणी पूर्णेतून येणार, आणि खाली तेलंगणातलं पोचमपाड तुडुंब भरलं की धर्माबाद-बिलोलीकडे पाणी पुढे सरकायलाच तयार नसणार. या तिघांचा मुहूर्त एका दिवशी आला की काठावर मुक्कामाला जायची गरजच उरत नाही, सखल वस्त्यांत नदीच मुक्कामाला येते. तेव्हा हवामान खात्याचा अंदाज बघून सहल आखणारा माणूस इथे नवखा समजावा. जाणकार माणूस कोणत्या धरणाचे किती दरवाजे किती फुटांनी उघडले ते आधी विचारतो, आणि मग घरीच थांबतो.

काठावरच्या एका म्हाताऱ्या भोयाला मी व्हिडिओ कॉलवर ती माशी दाखवली. त्याने उलटसुलट पाहिली. ‘मालक, राखी चांगलीय. पण ह्या गढूळात माशाला सोताचं शेपूट दिसंना झालंय, तुमची माशी त्याला कुठून दिसायली?’ मुद्दा शास्त्रशुद्ध होता. काळ्या रानातली माती घेऊन येणाऱ्या पाण्यात नजरेवर शिकार करणारा मासा आंधळाच. रोहू, मृगळ तर तसेही माशीच्या वाटेला जायचे नाहीत. मरळ जाईल, पण तिला बेडूक आवडतो. भाच्याने लगेच पिसांचा बेडूक ऑनलाइन मागवला. बाकी नांदेडात मोठा मासा गळाला लागला, असं कोणी म्हणालं की लोक नदीकडे बघतच नाहीत, पक्षप्रवेश कोणाचा झाला ते विचारतात.

लातूरचा कार्यक्रम आणखी अवघड. शहरातून नदी वाहत नाही, मांजरा आहे ती लांबून जाते. २०१६ साली ती आटली तेव्हा लातूरची नदी रुळांवरून आली. ‘जलदूत’ एप्रिलात मिरजेहून निघाली, पहिल्या खेपेला दहा टाक्या, सुमारे पाच लाख लिटर. त्याआधी मार्चमध्ये पाण्याच्या ठिकाणांभोवती १४४ कलम लावलं होतं, पाचजणांनी एकत्र जमायचं नाही. एकट्याने गळ टाकून बसणाऱ्याची त्यात काहीच अडचण नव्हती. अडचण फक्त पाण्याची होती. आणि त्याच वर्षी पावसाळा सरता सरता मांजरा धरण भरलं, जिल्ह्यात पूर आला. म्हणजे एका वर्षात टँकर, रेल्वे आणि बोट, तिन्ही वाहनं झाली. गळ टाकण्याजोगी नदी मधल्या कोणत्या आठवड्यात होती, ते कोणाला आठवत नाही.

राहता राहिलं कॅम्पिंग. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात हसनाळ, रावणगावात लेंडीचं पाणी शिरलं तेव्हा लोक घरात झोपलेले होते. माणसं गेली, जनावरं दावणीला बांधलेली गेली, लष्कर बोलवावं लागलं. ज्यांना जमलं त्यांनी छतावर तास काढले. लेंडी धरणाचं काम तिथे कित्येक दशकं चालू आहे. तितकी दशकं पुनर्वसनही चालूच आहे. भाच्याला हे सांगितल्यावर तो पहिल्यांदा गप्प बसला.

पुरातल्या नदीवर रीतसर आखणी करून येणारे लोक आमच्याकडे नाहीतच असं मात्र नाही. त्यांना पाहणी दौरा म्हणतात. गाड्यांचा ताफा, नवे कोरे रेनकोट, पुलाच्या ज्या टोकाला पाणी नाही त्या टोकाला उभं राहून समोर बोट. अंधार पडायच्या आत परत. फ्लाय फिशिंगवाले म्हणे मासा पकडून पुन्हा पाण्यात सोडतात. हे लोक आश्वासन सोडतात आणि मग ते पकडायला तलाठ्याकडे, सज्जावर, ई-केवायसीच्या रांगेत आपण जातो. पंचनाम्यात ३३ टक्के नुकसान दिसावं लागतं. रानातली माती वाहून गेली असेल तर नुकसान कशावर उभं राहून मोजायचं, हा प्रश्न अजून दौऱ्यावर आहे.

तरी भाच्याचा हट्ट सुटेना. ‘मग पाणी उतरल्यावर येतो. तारीख सांगा.’ तारीख मात्र आहे, आणि ती सर्वोच्च न्यायालयाने दिलेली आहे. धर्माबादजवळच्या बाभळी बंधाऱ्याचे चौदा दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवायचे, असा २०१३ चा निकाल आहे. नदी वाहते तोवर पाणी अडवायचं नाही, आणि वाहायची थांबली की दरवाजे खुशाल पाडायचे. वर १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी तेलंगणाला द्यायचंच. जगात मासे धरायचा हंगाम मासे ठरवतात, आमचा निकालपत्राने ठरतो.

तर भाच्याला आणि त्याच्यासारख्या सगळ्यांना कळवतो, २९ ऑक्टोबरनंतर या. तोवर पात्र मोकळं झालेलं असेल, काठाला हायवा लागलेले असतील, पाण्यात वाळूचे तराफे असतील, आणि महसूलचं पथक तराफे जाळत फिरत असेल. रबरी होडी आणू नका, तराफा समजून पेटवतील. रात्री टेंटमध्ये दिवा लावू नका. आणि वाळूवर झोपणार असाल तर रॉयल्टीची पावती उशाला ठेवा, ताडपत्रीखाली काय आहे हे पथक विचारतंच.