नाना सोडवायला निघाले

गहाण ठेवायला माणूस एकटा जातो, दिवेलागणीला, मागच्या बोळातून. सोडवायला मात्र त्याला नाना लागतात. जुन्या नाशकातल्या प्रत्येक गल्लीत असे एक नाना आहेत. पेन्शनर, सडपातळ, पायात चामडी चपला, काखेत रेक्झिनची पिशवी आणि पिशवीत दुसऱ्याची पावती.

मालक स्वतः का जात नाही? कोणाला रजा नसते. कोणाची सराफाशी व्याजावरून धुसफूस झालेली असते. आणि कोणाच्या सासूबाई अजून बोरमाळ लॉकरमध्ये आहे असंच समजत असतात.

नानांचा पहिला नियम म्हणजे गुप्तता. रविवार कारंजावर कोणी विचारलं, "काय नाना, आज कोणाचं?" तर ते जीभ चावतात. "नाव विचारू नका. बाईमाणसाच्या इभ्रतीचा प्रश्न आहे." मग दोन पावलं पुढे जाऊन वळतात, "पण पोरीची हळद परवावर आली हो! नेसायची पैठणी आहे, गळा ओका!" गल्लीत परवा हळद एकाच घरी असते.

नानांचं पंचांगही वेगळं. जूनमध्ये शाळा-कॉलेजांच्या फिया आल्या की दागिने घराबाहेर पडतात. ऑक्टोबरात द्राक्षाच्या छाटणीला दिंडोरी-निफाडच्या पाहुण्यांचे तोडे जातात. तुळशीचं लग्न लागलं की सगळ्यांना एकदम गळे आठवतात, आणि नानांना जेवायला फुरसत उरत नाही. पावसाळ्यात त्यांची झोप उडते ती वेगळ्या कारणानं. गोदेचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागलं की नाशिककर पूर बघायला जातात, नाना सराफ बाजारात फोन लावतात, "आपला माल वरच्या मजल्यावर घेतला ना?" २०१९ च्या ऑगस्टमध्ये बाजारात पाणी शिरलं तेव्हा त्यांचा जीव टांगणीला लागला होता. त्यात त्यांचा स्वतःचा गुंजभरही माल नव्हता.

पावतीवर त्यांची श्रद्धा वारकऱ्याची. दामाजीपंतांचं देणं विठ्ठलानं रूप पालटून बिदरच्या बादशहाला चुकतं केलं, ही कथा आपण भक्तीसाठी ऐकतो. नाना त्यातलं एकच सांगतात, "देवानंसुद्धा पैसे भरल्यावर पावती घेतली. आणि तुम्ही तोंडी व्यवहार करता!" परवाना नसलेल्या सावकाराच्या दारात ते पाऊल ठेवत नाहीत. २०१४ चा सावकारी कायदा तिथं उभ्यानं ऐकवतात, पण उंबऱ्याबाहेरून.

बँकेत त्यांचा खरा थाट. अधिकारपत्र, दोघांची आधारकार्डं, झेरॉक्स, झेरॉक्सची झेरॉक्स. सीलबंद पाकीट फोडताना ते चष्मा दोनदा पुसतात आणि मणी मोजतात. रिझर्व्ह बँकेनं २०२५ मध्ये काढलेल्या नियमांत कर्ज फिटल्यावर दागिना त्याच दिवशी, फार तर सात कामकाजाच्या दिवसांत परत द्यायला सांगितलं आहे. संस्थेच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला पाच हजार भरपाई. हे कळल्यापासून नाना उशिराची वाट बघतात. कारकुनानं पंधरा मिनिटांत हार हातात ठेवला तर चेहरा पडतो.

मुदत टळली म्हणून रडत आलेल्यांसाठी त्यांच्याकडे एक मंत्र आहे : "१८७२ चा करार कायदा! प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत सोडवायचा हक्क शाबूत असतो. खर्च वाढेल तेवढा भरा आणि डोळे पुसा." एवढं धीराचं वाक्य गल्लीत दुसऱ्या कोणाकडे नाही.

मोबदला ते चहाच्या पलीकडे घेत नाहीत. उलट हिशोबात दोन-तीन हजार कमी पडले की "बघू नंतर" म्हणत स्वतः घालतात. खिसा रिकामा असला तर काकूंच्या पाटल्या. आज गल्लीत जे दागिने दिसतात, त्यांतले बरेच या पाटल्या आत गेल्यामुळे बाहेर आलेले आहेत.

यंदा पाटल्या मागितल्या तेव्हा काकू म्हणाल्या, "द्या इकडे फॉर्म, मीच ठेवते." कर्ज स्वतःच्या नावावर काढलं. शेजाऱ्यानं पैसे परत केले तसे नाना पिशवी घेऊन निघाले, तर अधिकारपत्रावर काकू सही देईनात.

"अगं, पैसे आलेत, सोडवून आणतो."

"असू द्या तिथंच. घरी आल्या की दुसऱ्याच्या कामाला जातात. तिथं निदान कुलपात तरी आहेत."

"आणि व्याज?"

"तुमच्या पेन्शनमधून."

"मुदत टळेल ना!"

"विक्री होईपर्यंत हक्क शाबूत असतो म्हणे," काकू भाजी निवडत म्हणाल्या, "मग घाई कसली?"