छातीतली फवारणी

शेंदूरजनाघाटात संत्र्याचा वास येणं ही काही बातमी नाही. पण परवा पानठेल्यावर आला तो वास बिनमोसमी होता. ना आंबिया बहाराचा, ना मृगाचा. बाकड्यावर टेकलेल्या एका म्हाताऱ्या बागाईतदारानं नाक वर केलं आणि विचारलं, "कोनं सोल्लं बे संत्रं?"

कोणीच सोललं नव्हतं. पलीकडे एक पोट्टं मोबाईलमध्ये डोकं खुपसून बसलं होतं. मुठीत हायलायटरच्या पेनासारखं काहीतरी होतं. ते त्यानं ओठाला लावलं, बुडाशी निळा दिवा लुकलुकला आणि नाकातोंडातून पांढरा लोट बाहेर पडला.

"काही नाई आबाजी," पोट्टं म्हणालं, "वाफ हाय नुसती. पान्याची."

"पान्याची वाफ त माही बुढी बी देये मले, सर्दी झाली का. गंजात पानी उकळून, डोक्यावर चादर टाकून. पन तिच्यापायी मी कधी खिशात गंज घेऊन नाई फिरलो."

खटला खरं तर इथंच निकाली निघाला होता. पण सदर चालवायचं तर निकालपत्रही लिहावं लागतं. घ्या.

पहिला मुद्दा पाण्याचा. त्या वाफेला पाण्याची वाफ म्हणणं म्हणजे देशीला काढा म्हणणं. ई-सिगारेटच्या, म्हणजे व्हेपच्या, नळीत असतं प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन, वरून कारखान्यातला सुवास आणि पोटात निकोटिन. बॅटरी आतली तार तापवते, तारेवरचा द्रव उडतो आणि त्याचं धुकं होतं. द्रव तापला की त्यातून फॉर्माल्डिहाइड आणि अॅक्रोलिन अशी मंडळी जन्माला येतात आणि तारेतलं निकेल, क्रोमियम, शिसंही थोडंथोडं सोबत निघतं. एवढी वरात छातीत उतरते आणि नवरदेव सांगतो, पाणी आहे.

आता यंत्राकडे नीट बघा. टाकी आहे. बॅटरी आहे. पुढं नोझल आहे. आत औषध, बाहेर धुकं. वरूड-मोर्शीच्या माणसाला याची ओळख करून द्यायची गरजच नाही. हा आपला बॅटरीवरचा फवारणी पंप. पाठीवरून उतरला आणि खिशात शिरला, एवढंच.

ही नुसती उपमा नव्हे. निकोटिन हे मुळातच कीटकनाशक आहे. तंबाखूचं झाड ते तयार करतं ते आपल्या करमणुकीसाठी नाही, पानं खायला येणाऱ्या किडीला मारायला. माणसानं ती युक्ती उचलली आणि निकोटिन सल्फेट म्हणून ते पिकांवर मारलं. हे औषध इतकं जहाल निघालं, की १९९२ मध्ये भारत सरकारनं त्याचा देशातला वापर बंद केला. करायचंच तर निर्यातीसाठी करा म्हटलं. आज संत्र्यावरच्या सायलासाठी आपण इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झाम मारतो. ती रसायनं वेगळी, पण त्यांच्या कुळाचं नावच मुळी निओनिकोटिनॉइड. किडीच्या मज्जातंतूंवर जिथं निकोटिन घाव घालतं, तिथंच तीही घालतात.

म्हणजे बाप झाडाच्या किडीवर निकोटिनचा भाचा फवारतो, आणि त्याच घरातलं पोट्टं मामालाच छातीत घेतं.

त्यातही बापाची बाजू बरी. त्याच्या डब्यावर त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिजहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. सोबत पत्रक असतं. तोंड बांधा, वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका, विषबाधा झाली तर डॉक्टरला हे दाखवा. आणि हे न पाळल्यानं काय होतं, ते आपण शेजारीच पाहिलं. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. त्यानंतर मास्क वाटले गेले. पोट्ट्याच्या पेनावर मात्र ना त्रिकोण, ना पत्रक. वर छापलंय काय? एक गोंडस संत्रं. डोळा मारणारं.

कोणी म्हणेल, भाऊ, घाबरवू नका, एका झुरक्यानं कोणी मरत नाही. बरोबर आहे. एका झुरक्यानं मरत नाही, दुसरा मागतो. सगळा धंदा त्या दुसऱ्यावर चालतो. अमेरिकेत २०१५ मध्ये आलेल्या ज्यूल नावाच्या ई-सिगारेटच्या एका छोट्या पॉडमध्ये साधारण एका पाकिटाएवढं, म्हणजे वीस सिगारेटींचं निकोटिन असे, आणि हे गणित कंपनीच सांगत होती. पुन्हा ते क्षाराच्या रूपात, म्हणजे घशाला खवखव नाही. सिगारेट निदान पहिल्या दिवशी ठसका देऊन सांगते की बाबा, परत जा. हिनं तो ठसकाच काढून टाकला. माणसाचा मेंदू पंचविशीपर्यंत बांधला जात असतो. ओल्या स्लॅबवर पाय उमटला की तो उमटला.

हे यंत्र आज ज्या रूपात आहे, ते २००३ मध्ये होन लिक नावाच्या चिनी औषधतज्ज्ञानं बनवलं. हेतू चांगला होता, सिगारेट सुटावी. पुढं काय झालं? मार्लबोरो सिगारेट विकणाऱ्या अल्ट्रिया कंपनीनं डिसेंबर २०१८ मध्ये १२.८ अब्ज डॉलर मोजून ज्यूलचा ३५ टक्के हिस्सा घेतला. सिगारेट सोडवण्याच्या यंत्रात सिगारेटवाल्यानं पैसा घातला. व्यसनमुक्ती केंद्रात देशीच्या दुकानदारानं भागीदारी मागितली तर आपण गावकरी काय समजलो असतो?

आता त्या वासाबद्दल. माझं खरं दुखणं तिथं आहे.

शेंदूरजनाघाट म्हणजे कलमांचं गाव. जंबेरीच्या खुंटावर नागपुरी संत्र्याचा डोळा बांधून इथं जी रोपं तयार होतात, ती पार परराज्यांत जातात. आपण संत्रा पिकवतो, गळ झाली की रडतो, भाव पडला की रस्त्यावर ओततो. प्रक्रिया उद्योग येणार, येणार म्हणत एक पिढी म्हातारी झाली. आणि तिकडं शेन्झेनमध्ये, जिथं जगातली बहुतेक व्हेपयंत्रं तयार होतात, कोणीतरी संत्र्याचा एक थेंबही न घालता संत्र्याचा वास बाटलीत भरला, समुद्र ओलांडून चोरवाटेनं आणला आणि संत्र्याच्याच गावात आपल्या पोट्ट्याला विकला. आपलं संत्रं नागपूरच्या मंडीत पडून, त्याचं भूत मात्र थेट पानठेल्यावर. याला म्हणतात प्रक्रिया उद्योग.

"पण हा फ्लेवर खाण्यातला असतो, त्यानं काय होते?" असा एक युक्तिवाद हमखास येतो. त्याला उत्तर वरूड तालुक्यातलं कोणतंही लेकरू देईल. लहानपणी आपण एकमेकांच्या डोळ्यांत संत्र्याच्या सालीचा फवारा उडवलाय. साल खाल्ली तर काही होत नाही. तीच डोळ्यात गेली की माणूस नाचतो. जे पोटाला चालतं, ते डोळ्याला चालेलच असं नाही, आणि छातीला तर मुळीच नाही. २००० च्या सुमारास अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या कारखान्यातले कामगार धापा टाकू लागले. कारण निघालं डायअसेटिल, लोण्याचा स्वाद देणारं रसायन. खाणाऱ्यांना काही नाही, हुंगणाऱ्यांची फुफ्फुसं कायमची आवळली. पुढं तेच रसायन ई-सिगारेटच्या कित्येक फ्लेवरांत सापडलं. बागाईतदाराच्या भाषेत सांगायचं तर पानावर कोळशी चढली की झाड एका दिवसात वाळत नाही. पण त्याचा श्वास कोंडलेला असतो.

मग २०१९ उजाडलं. अमेरिकेत व्हेप ओढणारी धडधाकट तरुण पोरं अचानक ऑक्सिजनवर जाऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण दवाखान्यात आणि ६८ मृत्यू. बहुतेकांनी गांजाचं तेल भरलेल्या, काळ्या बाजारातल्या नळ्या ओढल्या होत्या आणि मुख्य संशयित ठरलं त्यात मिसळलेलं व्हिटॅमिन ई अॅसिटेट. ते अंगाला लावायच्या क्रीममध्ये असतं. म्हणजे पुन्हा तेच, कातडीला चाललं, छातीला नाही. आणि यातला 'काळ्या बाजारातल्या' हा शब्द जपून ठेवा. आपल्याकडे दुसरा बाजारच नाही.

कारण आपल्याकडे बंदी आहे. १८ सप्टेंबर २०१९ ला वटहुकूम निघाला, डिसेंबरमध्ये कायदा झाला. ई-सिगारेट बनवणं, आणणं, नेणं, विकणं, वाटणं, जाहिरात करणं, सगळं गुन्हा. पहिल्यांदा सापडलात तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा करून ठेवला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ओढणाऱ्यासाठी मात्र वेगळी शिक्षा लिहिलेली नाही. कायद्याला बहुधा वाटलं असेल, की त्याची शिक्षा त्यानं स्वतःच करून घेतली आहे.

बंदी म्हणजे काय असते, ते वऱ्हाडाला कोणी शिकवू नये. गुटखाबंदी महाराष्ट्रात २०१२ पासून आहे. घाटापलीकडच्या मध्य प्रदेशात तर आपल्याही आधी, त्याच वर्षीच्या एप्रिलपासून. दोन बंदीवाल्या राज्यांच्या सीमेवर उभं राहून नालीत पाहा, पुड्यांची रांगोळी दिसते. आपल्याकडे बंदी आली की माल जात नाही, त्याचा फक्त भाव वाढतो आणि ठेल्यावर आवाज बारीक होतो.

तरीही ही बंदी मला चुकीची वाटत नाही, आणि त्याचं कारण आपल्याच तोंडात आहे. इंग्लंड म्हणतं, सिगारेट ओढणाऱ्यानं ती सोडून व्हेप धरली तर धोका कमी होतो. त्यांच्या सरकारनं तर सिगारेट सोडणाऱ्यांना व्हेपचे संच देण्याची योजना काढली. ते त्यांच्या जागी ठीक असेल. तिकडं माणूस धूर पितो. (आणि तरीही लेकरांच्या हाती जातं म्हणून १ जून २०२५ पासून वापरून फेकायच्या व्हेपवर त्यांनीही बंदी घातलीच.) आपलं काय? २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ धूर ओढणारे निघाले आणि २४.४ टक्के बिनधुराचा तंबाखू खाणारे. आपण धूर पिणारे नाहीच, घोटणारे आहोत. पन्नीवर सुपारी, चुना, तंबाखू रगडून खर्रा तोंडात धरणाऱ्याला सिगारेटचा पर्याय देणं म्हणजे सायकल नसलेल्याला पंक्चरचं सोल्युशन देणं. इथं जे पोट्टं व्हेप ओढतं, त्यानं बहुधा त्याआधी सिगारेट ओढलेलीच नसते. ते कशातून सुटत नाही, शिरतं. त्याच पाहणीत ई-सिगारेटचं नाव ऐकलेले लोक देशात शंभरात तीन होते. आज पानठेल्यावरच्या पोट्ट्याला तिचे फ्लेवर पाठ आहेत. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, जगात १० कोटींहून जास्त लोक ती ओढतात आणि त्यात १३ ते १५ वर्षांची किमान दीड कोटी लेकरं आहेत.

"बरं मग, सुरक्षित वापर कसा करायचा थे सांगा ना," असं कोणी विचारलंच, तर तेही सांगून टाकतो.

ज्यानं आजवर ओढली नाही, त्याच्यासाठी सुरक्षित वापर एकच. वापर नाही. गरोदर बाईनं आणि लेकरांनी तर सावलीलाही उभं राहू नये. घरात असलंच ते यंत्र, तर उशीखाली ठेवून चार्ज करू नका. लिथियमची बॅटरी कापसाला ओळखत नाही. त्यातला द्रव लहान लेकरानं चाटला, तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना गाठा. निकोटिन तिथं पुन्हा आपल्या मूळ धंद्यावर येतं. गांजाचं तेल, कोणाच्या हातची भरलेली नळी, यांना हात लावू नका. आणि छातीत दुखलं, दम लागला, तर डॉक्टरसमोर घरच्यांची लाज धरू नका. व्हेप ओढतो हे एक वाक्य सांगितलं नाही, तर डॉक्टर आठ दिवस न्यूमोनियाच शोधत बसेल.

सोडायचं असेल, तर त्याला चिनी यंत्र लागत नाही. निकोटिनचं च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळतं. किती आणि किती दिवस, ते डॉक्टरला विचारा. सरकारचा तंबाखूमुक्तीचा मोफत नंबर आहे, १८००-११२-३५६. खर्रेवाल्यांनीही लावावा, तो नंबर धूर आणि थुंकी यांत भेद करत नाही.

राहिला पानठेल्यावरचा प्रश्न. म्हाताऱ्यानं उठताना पोट्ट्याच्या हातातलं ते पेन घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं.

"बावा," तो म्हणाला, "चाळीस वर्षं पंप मारला म्या. एकच गोष्ट शिकलो. नोझल आपल्या तोंडाकडे नाई करत."