टॅक्सीची पावती

रशियाच्या लष्करी गुप्तचर खात्याचे चार गृहस्थ १० एप्रिल २०१८ रोजी ॲमस्टरडॅमच्या विमानतळावर उतरले. चौघांकडेही राजनैतिक पासपोर्ट. त्यातल्या दोन पासपोर्टांचे क्रमांक लागोपाठचे, म्हणजे बहुधा एकाच खिडकीवर एकामागे एक उभं राहून घेतलेले. त्यांनी गाडी भाड्याने घेतली, वाय-फायमध्ये शिरायची सामग्री डिकीत मांडली, अँटेना मागच्या फळीवर ठेवून त्यावर कोट पांघरला आणि गाडी हेगमधल्या एका हॉटेलच्या आवारात लावली. शेजारीच रासायनिक अस्त्रबंदी संघटनेचं कार्यालय. ब्रिटनमध्ये सॉल्सबरीला रशियाच्या एका माजी हेरावर झालेल्या विषप्रयोगातल्या विषाची तपासणी तेव्हा याच संघटनेकडे होती. १३ तारखेला डच लोकांनी चौघांना गाडीसकट धरलं. झडतीत लॅपटॉप निघाले, फोन निघाले, वीस हजार युरो आणि वीस हजार डॉलर रोख निघाले. पुरावा मागे राहू नये म्हणून हॉटेलच्या खोलीतला कचरासुद्धा या मंडळींनी पिशवीत भरून बरोबर घेतला होता. आणि याच सामानात सापडली एक टॅक्सीची पावती. मॉस्कोतल्या खात्याच्या बराकीपासून शेरेमेत्येवो विमानतळापर्यंत, तारीख १० एप्रिल.

कचरा टाकून देता येतो, पावती टाकता येत नाही. का, ते मंत्रालयातला कुठलाही कारकून सांगेल. दौऱ्यावरून परतल्यावर टीए-डीएचं बिल लावायचं असतं. व्हाउचर जोडलं नसेल तर लेखा शाखा लाल शेरा मारून ते परत पाठवते, आणि ‘मोहीम गुप्त होती’ हा खुलासा जगातल्या कुठल्याही लेखापालाला मान्य नसतो.

सिनेमातल्या हेराने आपली फार दिशाभूल करून ठेवली आहे. अंधाऱ्या खोलीत हिरव्या अक्षरांचा पाऊस, हुडी घातलेला एक विक्षिप्त पोरगा, बोटं पियानोवर चालावीत तशी कीबोर्डवर. प्रत्यक्षात परराज्यांची संगणकी हेरगिरी हे एक खातं आहे, आणि त्या खात्याला खात्याचे सगळे गुण लागलेले आहेत. २०१४ साली फायरआय या सुरक्षा कंपनीने रशियाच्या एका हेरगटाच्या सॉफ्टवेअरच्या जन्मवेळा तपासल्या. ९६ टक्क्यांहून अधिक नमुने सोमवार ते शुक्रवार या दिवसांत तयार झालेले. ८९ टक्क्यांहून अधिक सकाळी आठ ते संध्याकाळी सहाच्या दरम्यान, तेही मॉस्कोच्या घड्याळाने. महासत्तेची झोप उडवायची ती ऑफिस सुटायच्या आत, आणि शनिवार-रविवार सोडून.

पण ‘अमक्या शाखेतल्या वरिष्ठ लिपिकाने आम्हाला लुटलं’ असं सांगणं कुठल्याही कंपनीच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. म्हणून बारशाचा घाट घातला जातो. एका कंपनीच्या पाळण्यात रशियन ते अस्वल, चिनी तो पांडा, इराणी ते मांजराचं पिल्लू आणि उत्तर कोरियाचा तो पंखवाला घोडा चोलिमा. मायक्रोसॉफ्टने २०२३ साली तर स्वतःचं वेधशाळा खातंच उघडलं: चीनचे टायफून, रशियाचे ब्लिझार्ड, इराणचे सँडस्टॉर्म. ‘आमच्याकडे टायफून येऊन गेलं’ असं भागधारकांच्या सभेत म्हणता येतं, देवाच्या करणीपुढे कोणाचं काय चालणार! या टोळ्यांची स्वतःची नावं मात्र अगदी जावक क्रमांकासारखी. हेगला गेलेले ते युनिट २६१६५. शांघायच्या पुडोंग भागातल्या बारा मजली इमारतीतलं, २०१३ साली मँडियंट कंपनीने जगजाहीर केलेलं ते युनिट ६१३९८.

कोणत्याही खात्यात दोन गोष्टी कालांतराने होतातच. एक म्हणजे दौरे कमी करण्याचं परिपत्रक निघतं, आणि दुसरी म्हणजे काम ठेकेदाराकडे जातं. गेल्या काही वर्षांत या मंडळींचे डावपेच बदलले, डावपेच बदलले म्हणून जे मोठमोठे अहवाल निघतात, त्यातला बराचसा भाग या दोन वाक्यांत बसतो.

दौऱ्याचं आधी. हेगला ज्याचे चौघे पकडले गेले त्याच मोठ्या गटाने २०२२ च्या सुरुवातीला वॉशिंग्टनमधल्या एका संस्थेत शिरायचं ठरवलं. युक्रेनशी संबंधित काम करणारी संस्था. पासवर्ड हाती लागले होते, पण बाहेरून यायचं तर मोबाईलवरचा दुसरा कोड लागणार. संस्थेच्या वाय-फायला मात्र तो कोड लागत नव्हता; गल्लीत येऊन कोण बसणार, अशा हिशेबाने. गल्लीत खरंच कोणी आलं नाही. रशियात बसल्या बसल्या त्यांनी रस्त्यापलीकडच्या दुसऱ्याच कार्यालयात शिरकाव केला, तिथला केबलही असलेला आणि वाय-फायही असलेला एक संगणक हुडकला आणि त्याच्याकरवी समोरच्या इमारतीचं वाय-फाय जोडलं. त्या पलीकडच्या कार्यालयातही ते आणखी एका शेजाऱ्यामार्फत आले होते. व्होलेक्सिटी या कंपनीने २०२४ च्या नोव्हेंबरात हे सगळं उघड केलं. ना विमान, ना भाड्याची गाडी, ना अँटेन्यावरचा कोट. लेखा शाखेला केवढा आनंद झाला असेल!

चिनी मंडळींची काटकसर त्याहून वरच्या पायरीची. ज्याला व्होल्ट टायफून म्हणतात तो गट हत्यारं आणतच नाही. तुमच्याच विंडोजमध्ये व्यवस्थापनासाठी ज्या सोयी दिलेल्या असतात, त्याच वापरतो. चोर घरात शिरून घरचीच किल्ली वापरू लागला तर कुत्र्याने भुंकायचं कशावर? अमेरिकेत वीज, पाणी, दळणवळणाच्या यंत्रणांत ही मंडळी काही ठिकाणी किमान पाच वर्षं मुक्काम करून होती, असं अमेरिकी सरकारनेच २०२४ च्या फेब्रुवारीत कबूल केलं. जायचा-यायचा रस्ता कुठला? तर लोकांच्या घरांतले आणि छोट्या दुकानांतले जुने राउटर. ज्यांच्या दुरुस्त्या पाठवणं कंपन्यांनी कधीच थांबवलं, पण जे दिवा लुकलुकतोय तोवर कोणी बदलत नाही, ते. आपल्याकडे टीव्हीच्या मागे, जळमटात, केबलवाल्याने लावून दिलेला एक असतो बघा. त्याचा पासवर्ड केबलवाल्याला ठाऊक असतो, आपल्याला नसतो.

सोलरविंड्स या अमेरिकी सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रकरणाने २०२० साली एवढा गवगवा केला की त्यावर फार शाई खर्चायला नको. कंपनीने पाठवलेल्या अधिकृत अपडेटमध्येच रशियनांनी आपला माल घातला होता, सुमारे १८ हजार ग्राहकांनी तो इमानेइतबारे उतरवून घेतला आणि आत गेल्यावर तो माल पंधरवडाभर काहीही न करता बसून राहिला. नव्याने रुजू झालेल्याने पहिले दोन आठवडे असंच करायचं असतं. पुढे अमेरिकी संसदेत कंपनीचा ‘सोलरविंड्स१२३’ हा एक जुना पासवर्ड निघाला. घुसखोरी त्यातून झाली हे सिद्ध झालेलं नाही, पण माजी प्रमुखांनी तत्परतेने सांगितलं की ती एका इंटर्नची चूक. सगळ्यात खालच्या पायरीवरचा माणूस शोधायला साहेब लोकांना कुठल्याही देशात वेळ लागत नाही.

आता ठेकेदारी. २०२४ च्या फेब्रुवारीत चीनमधल्या आय-सून नावाच्या खासगी कंपनीचे अंतर्गत कागद आणि गप्पा कोणीतरी इंटरनेटवर टाकून दिल्या. चीनच्या पोलीस आणि गुप्तचर खात्यांसाठी परदेशी यंत्रणा फोडायच्या, हा त्यांचा धंदा. भारताच्या इमिग्रेशनची ९५.२ गिगाबाइट माहिती आपल्याकडे असल्याची फुशारकीही त्या कागदांत होती. जगभरचे तज्ज्ञ तांत्रिक तपशील शोधायला धावले. मला विचाराल तर खरं वाचनीय होतं ते बाकीचं. पगार कमी म्हणून कुरकुर. ऑफिसात महजाँगचे डाव. सरकारी साहेबांना जेवणावळी घालून, मध्यरात्रीपर्यंत दारू पाजून कंत्राट मिळवायची धडपड. नंतर अमेरिकेने २०२५ च्या मार्चमध्ये या कंपनीच्या आठ जणांवर आरोप ठेवले. त्यात दरही दिला आहे: यशस्वीपणे फोडलेल्या प्रत्येक ईमेल खात्यामागे दहा ते पंचाहत्तर हजार डॉलर. जिल्हा परिषदेत रस्त्याचं टेंडर भरलेल्या कोणालाही हे कागद वाचताना परकं वाटणार नाही. टक्केवारीचा रकाना तेवढा सापडला नाही. फुटलेल्या कागदांत सगळं थोडंच येतं!

उत्तर कोरियाने याच्याही पुढे मजल मारली. त्यांनी घुसायचंच सोडलं आणि अर्ज केला. बायोडेटा पाठवायचा, ऑनलाइन मुलाखत द्यायची, अमेरिकन कंपनीत घरबसल्या नोकरी धरायची. २०२४ साली नोबीफोर नावाच्या कंपनीने असा एक इंजिनीअर घेतला. या कंपनीचा व्यवसाय म्हणजे इतर कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना भामटे कसे ओळखावेत याचं प्रशिक्षण देणं. उमेदवाराच्या चार व्हिडिओ मुलाखती झाल्या, पूर्वपीठिका तपासली गेली, फोटो पसंत पडला. फोटो बाजारात तयार मिळणारा होता, कृत्रिम बुद्धिमत्तेने चेहरा फिरवलेला. लॅपटॉप घरपोच गेला आणि उघडताक्षणी त्यात नको ते सॉफ्टवेअर उतरू लागलं. कंपनीने वेळीच पकडलं आणि गंमत म्हणजे स्वतःहून जगाला सांगितलंही, हे मात्र कौतुकाचं. ॲरिझोनात एका बाईंनी तर आपल्या घरात असे कंपन्यांचे लॅपटॉप मांडून चालू ठेवले होते, म्हणजे ‘कर्मचारी’ अमेरिकेतच आहेत असं वाटावं. तीनशेहून अधिक कंपन्या फसल्या, एक कोटी सत्तर लाख डॉलर कमावले गेले. या बाईंना २०२५ च्या जुलैत साडेआठ वर्षांची शिक्षा झाली.

पुणेकरांनी उत्तर कोरियाची जुनी पद्धतही पाहिलेली आहे. २०१८ च्या ऑगस्टमध्ये कॉसमॉस बँकेतून ९४ कोटी गेले, आणि संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी नंतर उत्तर कोरियाकडे बोट दाखवलं. तेव्हा बनावट कार्डं घेऊन २८ देशांत, आणि आपल्या कोल्हापुरातसुद्धा, माणसं एटीएमपुढे उभी करावी लागली होती. नोकरीचा मार्ग सोपा. रांग नाही, पगार महिन्याच्या महिन्याला, आणि म्हणे आरोग्य विमाही.

पण या सगळ्यात माझा जीव जडला आहे तो टुर्ला या रशियन गटावर. चोरावर मोर म्हणतात तो हा. २०१९ साली ब्रिटन आणि अमेरिकेने सांगितलं की टुर्लाने इराणी हेरांचीच यंत्रणा बळकावली आहे आणि तिच्या आडून काम चालवलं आहे. २०२४ च्या डिसेंबरात त्याहून सरस बातमी आली. पाकिस्तानातला एक गट भारताच्या लष्करी आणि संरक्षण संस्थांमधून माहिती पळवून आपल्या सर्व्हरवर साठवत होता. टुर्ला त्या सर्व्हरांत जाऊन बसला आणि तयार, निवडलेली, एका ठिकाणी ठेवलेली माहिती उचलू लागला. पाकिस्तानी गड्यांच्या स्वतःच्या संगणकांपर्यंत रशियन पोचले होते. मेहनत इस्लामाबादची, फळं मॉस्कोला, आणि माल आपला. आपल्याकडे जी फाईल एका टेबलावरून शेजारच्या टेबलावर जायला अधिवेशन संपतं, ती दोन सरहद्दी ओलांडून गेली आणि वाटेत कोणाची सही लागली नाही. शत्रूच्या घरीही आपल्या गुपिताला मित्राच्या नजरेतून सुटका नाही; परराष्ट्र धोरणातला समतोल म्हणतात तो हाच असावा.

आपल्या बाजूची तयारीही पाहायला हवी. १२ ऑक्टोबर २०२० च्या सोमवारी सकाळी मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, रुग्णालयं जनरेटरवर गेली. पुढच्या मार्चमध्ये, एका अमेरिकी कंपनीने भारताच्या वीजयंत्रणेत चिनी गट शिरल्याचा अहवाल दिल्यावर, राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख म्हणाले, सायबर विभागाच्या प्राथमिक अहवालानुसार घातपाताची शक्यता दिसते. दुसऱ्याच दिवशी केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, छे, मानवी चूक होती. अहवाल देणाऱ्या कंपनीने तर मुंबईच्या अंधाराशी हे जोडणारा पुरावा आपल्याकडे नाही असं आधीच नमूद केलं होतं. चिनी हल्ला की स्वदेशी चूक, हा वाद राज्य आणि केंद्रात कोणाचं सरकार आहे ते पाहून ज्याने त्याने मिटवला. आत्मनिर्भरतेच्या त्या वर्षात स्वदेशी चुकीचं पारडं जड ठरलं, यात नवल नाही.

वीज जाण्याची दुसरी बाजू मात्र कोणी सांगत नाही. २७ जून २०१७ रोजी रशियाच्या लष्करी हेरांनी युक्रेनवर सोडलेला नॉटपेट्या हा संगणकी विषाणू जगभर पसरला. मर्स्क या जहाज कंपनीचं सगळं ठप्प झालं, आपल्या न्हावाशेव्यातल्या त्यांच्या टर्मिनलसकट. कंपनीच्या संगणकी जाळ्याचा नकाशा ज्या सर्व्हरांत असतो, ते जगभरातले सगळे एका फटक्यात पुसले गेले. उरला एकच, घानातला. तिथे त्या वेळी वीज गेली होती. घानाच्या कर्मचाऱ्याकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता, म्हणून त्याने ती डिस्क नायजेरियाच्या विमानतळावर दुसऱ्याच्या हाती दिली, तिथून ती लंडनला गेली आणि जगातली मोठी जहाज कंपनी पुन्हा उभी राहिली. कोट्यवधींची सुरक्षा यंत्रणा एकीकडे, आणि आफ्रिकेतला एक वेळेवर झालेला खंडित पुरवठा एकीकडे.

महावितरणने याची नोंद घ्यावी. भारनियमनाच्या वेळापत्रकावर यापुढे ‘राष्ट्रीय सुरक्षेस्तव’ एवढे दोन शब्द वाढवायला काहीच हरकत नसावी.