घाटाखाली वाळवंट, घाटावर डोंगर: एकदिवसीय सहलीचे नियम

राजस्थान आणि लडाख एका रजेत बसत नाहीत. बुलढाणा जिल्हा बसतो. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची रांग आणि मधे पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. तिथं वाळू नाही, पण विहिरीचं पाणी खारट आणि मे महिन्याचं ऊन असं की उंटानंही सावली शोधावी. तेव्हा वाळवंटाची सोय झाली असं समजून पुढील नियम पाळावेत.

१. दिशा: इथं दिशा दोनच, घाटावर आणि घाटाखाली. रस्ता विचारताना पूर्व-पश्चिम म्हटलंत की समोरचा "कुठून आले भाऊ?" असं विचारणार, आणि मग चहा घेतल्याशिवाय सुटका नाही. हा अर्धा तास आधीच हिशेबात धरावा.

२. हंगाम: उन्हाळाच निवडावा. पावसाळ्यात राजूर घाट आणि बोथा घाट हिरवेगार होतात. फोटो पाहून कुणाचाही वाळवंटावर विश्वास बसत नाही.

३. यादी: शेगाव, नांदुऱ्याचा १०५ फुटी हनुमान, बोथा घाट, लोणार, मेहकरचा बालाजी, सिंदखेडराजा. प्रत्येकी वीस मिनिटं. शेगावात दर्शनाची रांग मोठी दिसली तर कळसाला हात जोडून निघावं. कचोरीच्या रांगेला मात्र ही सवलत नाही.

४. लोणार: बसाल्ट खडकात उल्का आदळून झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर. २०२० च्या जूनमध्ये इथलं पाणी गुलाबी झालं आणि त्याच वर्षी सरोवराला रामसर दर्जा मिळाला. दर्जाची चौकशी कुणी करत नाही, म्हणून आपणही पोचल्याबरोबर "गुलाबी कुठंय?" एवढंच विचारावं. खाली कमळजादेवीचं मंदिर आहे, पण उतरलेल्याला चढावंही लागतं. सबब काठावरूनच सेल्फी. उल्का एवढ्या लांबून येऊन इथंच राहिली, कारण तिला मेहकर गाठायचं नव्हतं.

५. सिंदखेडराजा: जिजाऊंचं जन्मस्थान, लखुजीराव जाधवांची समाधी, मोती तलाव. तोवर अंधार पडतो. समृद्धी महामार्गावर नावाचा फलक दिसला, की ठिकाण पाहिल्यात धरण्यास हरकत नाही.

६. वाईट उदाहरणं: २०१९ मध्ये टिपेश्वरचा एक वाघ गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन शेकडो किलोमीटर चालत ज्ञानगंगा अभयारण्यात आला. ना बुकिंग, ना यादी. वाटेतली शेतं, नाले, जंगलं सगळी पायाखालून घातली आणि जागा आवडली म्हणून मुक्काम केला. स्वतः एकही फोटो काढला नाही. वनखात्यालाच त्याचे काढावे लागले. असल्या पर्यटकाचं अनुकरण करू नये.

७. समारोप: रात्री व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर "सगळा जिल्हा झाला" असं जाहीर करावं. "पुढच्या वेळी फक्त लोणार, दोन दिवस" असा प्रस्ताव कुणी मांडलाच, तर त्याला तत्काळ ग्रुपमधून काढावं. त्याला नियोजनातलं काही कळत नाही.