अपात्र संगणकांविषयी

जुन्या संगणकांना नव्या कार्यप्रणालीने, म्हणजे यंत्राचे भाग आणि त्यावरील सॉफ्टवेअर यांचा मेळ घालणाऱ्या मूळ व्यवस्थेने, किती काळ सांभाळावे हा प्रश्न तांत्रिक मानला जात असला, तरी मराठी मध्यमवर्गात तो मुख्यतः प्रतिष्ठेचा आहे. कारण जुने यंत्र न टाकणाऱ्या गृहस्थास आपला चिक्कूपणा पर्यावरणनिष्ठा म्हणून मिरवता येतो, आणि प्रस्तुत लेखक या संप्रदायाचा केवळ अभ्यासक नसून आजीव सभासद आहे.

विंडोज १० या कार्यप्रणालीचा नियमित आधार, म्हणजे तिला मिळणाऱ्या दुरुस्त्या व सुरक्षेचे बदल, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.०, म्हणजे गुप्त किल्ल्या सुरक्षित ठेवणारी सोय, आणि इंटेलच्या बाबतीत साधारणतः आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट स्थळ केवळ पत्रिकेवरून नाकारावे तसे उत्तम चालणारे यंत्र अपात्र ठरते. दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. लिनक्स या दुसऱ्या कार्यप्रणालीचा जन्म १९९१ मध्ये ३८६ नावाच्या प्रोसेसरच्या संगणकावर झाला, तरी २०१२ च्या अखेरीस त्याच लिनक्सने ३८६ चा आधार काढून टाकला आणि जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी त्याबद्दल तिळमात्र हळहळ व्यक्त केली नाही. लेखकाला मात्र बंद पडलेला माऊसही टाकवत नाही आणि यालाच तो संवेदनशीलता समजतो.

येथे डीटीपीवाल्यांचा, म्हणजे संगणकावर छपाईची पाने जुळवणाऱ्यांचा, विषय काढणे अपरिहार्य नाही, तरीही तो काढला जाईल. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणारी पद्धत, रुळण्यापूर्वी मराठी मजकूर रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी आकार बसवलेल्या फाँटांत साठवला जाई. तो फाँट नसल्यास फाइल उघडते, परंतु अग्रलेखाच्या जागी चिन्हांचा कचरा दिसतो. पुष्कळदा सॉफ्टवेअर डोंगलशिवाय, म्हणजे ते विकत घेतल्याचा पुरावा म्हणून संगणकाच्या पाठीमागे खोचायच्या डबीशिवाय, चालत नसे. आणि जुन्या डोंगलला लागणारा प्रिंटरचा रुंद पॅरलल पोर्ट नव्या लॅपटॉपला नसतोच. म्हणून पेजमेकर हे पाने जुळवण्याचे सॉफ्टवेअर उघडणारा, जुन्या विंडोज एक्सपीवर चालणारा एखादा संगणक कोपऱ्यात जपला जातो, ज्याच्या आधाराने नव्हे तर केवळ कृपेने जुन्या दिवाळी अंकांची पाने अजून वाचता येतात. लग्नपत्रिका पुन्हा जुळवता येते. परंतु ज्या कवीने पदरमोड करून एकच संग्रह काढला आणि ज्याची मूळ प्रत आता त्या एका हार्ड डिस्कवर आहे, त्याला 'अपग्रेड करा' असे सांगणे निव्वळ उद्धटपणाचे आहे.

आधार अनंतकाळ द्यावा, असे येथे सुचवायचे नाही, कारण प्रत्येक जुन्या भागासाठी ड्रायव्हर, म्हणजे तो भाग कार्यप्रणालीला चालवता यावा यासाठीचे सॉफ्टवेअर, लिहिण्यासाठी व तपासण्यासाठी कोणाला तरी वेतन द्यावे लागते. आधार कधी संपणार याची तारीख मात्र खोक्यावर, किमतीइतक्याच ठळक अक्षरांत छापावी. ती तारीख वाचून प्रस्तुत लेखकाने यंत्र वेळेत बदलले असते, असा निष्कर्ष काढण्यास उपलब्ध साधनांतून आधार मिळत नाही.