टेपवाले साहेब आले!

आमच्या वाशीम जिल्ह्यात लोक कलेक्टरसाहेबांना नमस्कार करतात, आमदारांना हार घालतात. पण घाबरतात ते टेपवाल्या साहेबांना. हे साहेब म्हणजे नगर परिषदेच्या बांधकाम विभागातले कनिष्ठ अभियंता. हातात टेप, काखेत फाईल, मागे शिपाई. फाटक उघडं असलं तर सरळ आत. बंद असलं तर आधी "कोन हाये घरात?" आणि मग आत. स्लॅबची सळई अजून बांधून व्हायची असते, तेवढ्यात टेप सर्रकन भिंतीवर.

"काम बंद ठेवा."

"काऊन जी साहेब?"

"सामासिक अंतर कमी हाये. नोटीस आली म्हंजे समजंल."

ती नोटीस मात्र येत नाही. नोटीस काढायची तर जावक क्रमांक टाकावा लागतो, कलम लिहावं लागतं, खाली सही करावी लागते. घरमालक तिला उत्तर देऊ शकतो, वर अपिलात जाऊ शकतो. तोंडी दमाला यातलं काहीच लागत नाही, शिवाय तो माहितीच्या अधिकारात मागताही येत नाही.

कायदा तसा भिडस्त आहे. राज्याचा १९६६ चा नगररचना कायदा साहेबांना आत येऊ देतो, मोजू देतो. पण राहत्या घरात संमतीवाचून शिरायचं तर आधी लेखी सूचना द्या म्हणतो. बायामाणसांना बाजूला व्हायला सवड द्या म्हणतो, घरातल्या रीतिरिवाजाचा मान राखा म्हणतो. वाचून वाटतं, साहेब सोयरीक घेऊनच येताहेत.

आणि साहेबांना असा लगाम घालणं ही काही आजची गोष्ट नाही. वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. दुसऱ्या विंध्यशक्तीचा चौथ्या शतकातला ताम्रपट इथंच सापडला. त्यात राजानं एक गाव दान दिलं आणि सोबत लिहून दिलं की राजाच्या शिपायांनी या गावात शिरायचं नाही. राजानं स्वतःच्या माणसांना तांब्यावर कोरून बंदी घातली! आता तांबं महाग झालं, त्यामुळे असेल कदाचित, आपण परिपत्रकावर आलो.

परिपत्रकाचं काय होतं ते नागपूरनं दाखवलं. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की खासगी बांधकाम पाडण्याआधी किमान पंधरा दिवसांची नोटीस द्या, म्हणणं ऐका, पाडकामाचं चित्रीकरण करा. नाही केलं तर भरपाई अधिकाऱ्याच्या खिशातून. (रस्ता, फुटपाथ, नदीवरच्या अतिक्रमणाला ही सवलत नाही, हे ओटेवाल्यांनी ध्यानात ठेवावं.) खंडपीठाचे प्रमुख न्यायमूर्ती भूषण गवई, आपल्या अमरावतीचे. पुढं २४ मार्च २०२५ ला नागपूर महापालिकेनं शहरातल्या दंगलीतल्या एका आरोपीचं घर पाडलं. हायकोर्टाची स्थगिती आली तोवर घर उरलं नव्हतं. एप्रिलमध्ये आयुक्तांनी बिनशर्त माफी मागितली. अधिकाऱ्यांना निकाल ठाऊकच नव्हता, परिपत्रक आलं नव्हतं म्हणे! अमरावतीहून नागपूरला एसटी तीन-चार तासांत पोचते. निकालाला चार महिने पुरले नाहीत. हेच कारण घरमालकानं सांगून पाहावं: "साहेब, नियम हाये हे मला माईत नव्हतं." पाहा ऐकतात का.

तरी सगळं खापर साहेबांवर फोडणं बरं नव्हे. त्यांना कायद्यानं दिलेली सत्ता थोडी. बाकीची आपण पुरवली आहे. नकाशात नसलेली खोली, नालीवर सरकलेला ओटा, रस्त्यात उतरलेल्या पायऱ्या. ज्याच्या पायऱ्या रस्त्यात, तो साहेबांना लेखी आदेश कोणत्या तोंडानं मागणार? तो शिपायाला बाजूला घेतो आणि "चहापाण्याचं" विचारतो. टेप लगेच गुंडाळला जातो, आणि कमी पडलेलं अंतर आपोआप भरून निघतं.

तेव्हा वाचकहो, साहेब आले तर खुर्ची द्या, माठातलं थंड पाणी द्या, मंजूर नकाशा समोर ठेवा. मोजू द्या बिनधास्त. मग काय आढळलं ते लिहून मागा, पोच घ्या. आणि ते येण्याआधी तेवढ्या पायऱ्या आत घ्या.